पॅकिंगची काटकसर

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

आमच्या घरी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात कधी बिस्किटे होती असे मला आठवत नाही. मोडक्या कुलपाचे स्क्रू, स्टोव्हचे वायसर, सायकलच्या चेनची सुटी कडी, कुठल्याशा पंख्याचे दोन नट, शिवणयंत्राची बॉबिन, असे जे जे म्हणून 'उद्या उपयोगी पडेल' ते सारे वडील त्या डब्यात टाकतात. आणि न्यायाने बोलायचे तर त्यातले पुष्कळसे उपयोगी पडतेही. गेल्या वर्षी आईच्या मिक्सरला लागलेला स्क्रू त्याच डब्यातून निघाला. या डब्यावर माझे लहानपणापासून प्रेम आहे. तरीही आज मी त्याच्याविरुद्ध चार शब्द लिहायला बसलो आहे.

वाणिज्य शाखेच्या मुलाने मोटारसायकलच्या पॅकिंगवर लेख लिहावा याचे काहींना हसू येईल. संपादक मंडळालाही आले होते. 'बँकांचे विलीनीकरण' किंवा 'वस्तू व सेवा कर आणि छोटा दुकानदार' असा एखादा विषय घे, असे मला सुचवण्यात आले. ते विषय मोठे आहेत यात शंका नाही. पण त्यांच्यापायी माझ्या वडिलांचा अर्ध्या दिवसाचा पगार कधी कापला गेला नाही. या पॅकिंगपायी दोनदा कापला गेला, आणि त्याला मी जबाबदार होतो.

आधी पॅकिंग म्हणजे काय ते सांगतो. पुस्तकात त्याला गॅस्केट म्हणतात. पण आपल्या हुबळीच्या गॅरेजांत मराठी, कानडी, उर्दू यांपैकी कोणतीही भाषा बोलणारा माणूस त्याला पॅकिंगच म्हणतो, म्हणून मीही तसेच म्हणेन. इंजिनाच्या डोक्यातून म्हणजे हेडमधून जळलेला वायू जिथे बाहेर पडतो, तिथे सायलेन्सरचा बेंड पाईप दोन नटांनी आवळलेला असतो. त्या दोहोंच्या मध्ये रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी अशी एक कडी असते. वरून तांब्याचा किंवा पत्र्याचा पातळ वेढा, आत उष्णता सोसणारे भरण. गाडी पुसताना ती दिसत नाही. गाडी विकत घेणारा माणूस टायर पाहतो, सीट दाबतो, हॉर्न वाजवतो. तिची चौकशी कोणी करीत नाही.

वडिलांची गाडी शंभर सीसीची, सोळा वर्षांची. तिच्यावर ते गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जातात. त्या वेळेला आमच्या भागातून सोयीची बस नाही. गेल्या दिवाळीच्या सुमारास सकाळी गाडी सुरू केली की पुढून टिक् टिक् टिक् असा आवाज येऊ लागला. आवाज पाच-दहा मिनिटांनी आपोआप कमी होई. शेजारी म्हणाले, टॅपेट ढिले झाले. एका गॅरेजवाल्यानेही तेच सांगितले, टॅपेट आवळून दिले आणि पैसे घेतले. आवाज होता तसाच राहिला. पुन्हा टॅपेट आवळले, पुन्हा पैसे. या गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही. दोन्ही आवाज खरोखरच सख्ख्या भावांसारखे आहेत. फरक इतकाच की, सायलेन्सरच्या सांध्यातली गळती थंड इंजिनावर मोठ्याने बोलते आणि धातू तापून फुगला की तिची फट बुजून ती गप्प बसते. टॅपेटचा हा स्वभाव नाही. शिवाय गळती आपली सही करून जाते: सांध्याभोवती काजळीचा काळा डाग. तो डाग आमच्या हेडवर स्पष्ट होता. आम्ही सर्वांनी तो मळ म्हणून पाहिला.

शेवटी तो डाग काय आहे हे मला कळले तेव्हा मी स्वतःच सायलेन्सर उतरवायचे ठरवले. मोबाइलवर पाहिले, शेजारून पाना आणला, रविवारी दुपारी अंगणात गोणपाट अंथरले. दोन नट निघाले, मागचा बोल्ट निघाला, सायलेन्सर हाती आला. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. कडीही निघाली, काळी झाली होती, थोडी दबली होती, पण तुटलेली नव्हती. दुकानात नव्या कडीची किंमत तीस रुपये. मी ती पॉलिश पेपरने घासली, फुंकर मारली आणि पुन्हा बसवून टाकली. वडील शेजारी उभे होते. त्यांनी मान डोलावली. आमच्या घरात कडी 'चांगली आहे' म्हणजे ती मोडलेली नाही.

तीन आठवड्यांनी आवाज परत आला, आणि आता इंजिन तापल्यावरही जाईना. शिवाय उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की मागून फट् फट् असे बार होऊ लागले. मी मनाशी म्हटले, नट ढिला झाला असेल. पाना लावून आवळला. अजून थोडा आवळला. 'अजून थोडा' हे शब्द गॅरेजच्या भिंतीवर लाल रंगात लिहून ठेवायला हवेत. कट् असा आवाज झाला, पाना मोकळा फिरला आणि स्टड हेडच्या आत तुटला.

गाडी ढकलत जुन्या हुबळीतल्या एका मेस्त्रींकडे नेली. त्यांचे नाव इथे देत नाही, त्यांना ते आवडायचे नाही. साठीच्या पुढचे गृहस्थ. बोलतात कानडी, शिव्या देतात उर्दूत, आणि माझ्यासारख्याशी पाच वाक्यांनंतर मराठीवर येतात. त्यांनी बॅटरी लावून हेडच्या तोंडात पाहिले, एक वाकडी सळई आत घातली आणि म्हणाले, "एरडु अदाव नोडु, तम्मा." दोन आहेत, बघ. मला काही कळेना. त्यांनी कोरून कोरून आतून आणखी एक कडी काढली, जळून हेडशी इतकी एकजीव झालेली की ती हेडचाच भाग वाटावी. म्हणजे कोणे एके काळी कोणीतरी जुनी कडी न काढता तिच्यावर नवी बसवली होती. मी घासून परत बसवली ती वरची. दोन कड्यांच्या उंचीमुळे पाईप कधी नीट बसलाच नव्हता. तिरका बसून एका स्टडवर वर्षानुवर्षे ओढ देत होता. मी फक्त शेवटचा धक्का दिला.

"हळेदु हाकबारदु. होसादु तोगोंड बा." जुने घालायचे नसते, नवे घेऊन ये. एवढे बोलून ते दुसऱ्या गाडीकडे वळले. कारण मला पुढच्या नऊ दिवसांत थोडे थोडे समजले, कारण मी रोज कॉलेज सुटल्यावर तिथे जाऊन बसू लागलो.

ही कडी चिरडण्यासाठीच बनवलेली असते. हेडचे तोंड आणि पाईपचे तोंड डोळ्यांना सपाट दिसले तरी दोन्हींवर ओरखडे, खळगे, गंजाचे फोड असतात. नट आवळले जातात तशी कडी दबते आणि दोन्ही बाजूंचे खळगे भरून काढते. तेवढ्यापुरती ती मऊ असते. नंतर रोज तापून थंड होऊन, तापून थंड होऊन, ती त्या आकारात कडक होते. ती उतरवून परत बसवली तर पुन्हा तंतोतंत तशीच बसणे शक्य नाही. केसभर फिरली तरी जुने उंचवटे नव्या खळग्यांसमोर येत नाहीत. आणि तिला पुन्हा दबण्याची ताकद उरलेली नसते. नट कितीही आवळला तरी दबणार काय?

तिच्यावर भार किती पडतो याचा मी हिशेब केला. हिशेब हीच काय ती माझी विद्या. चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर दर दोन फेऱ्यांना एकदा याप्रमाणे पंधराशे वेळा, म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा, शेकडो अंश तापलेला वायू तिच्यातून सुटतो. त्यात हेड ॲल्युमिनियमचे आणि पाईप पोलादाचा. तेवढ्याच उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. दोन वेगवेगळ्या स्वभावांच्या माणसांमध्ये सकाळ-संध्याकाळ उभे राहून भांडण सोडवावे तसे या कडीचे जिणे आहे. आणि फट पडली की वायू नुसता बाहेरच येतो असे नाही. प्रत्येक फुत्काराच्या मागोमाग पाईपमध्ये क्षणभर दाब उतरतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. न जळलेले थोडे पेट्रोल त्या हवेने सायलेन्सरमध्ये पेटते. उतारावरचे ते फट् फट् हेच. २०२० च्या १ एप्रिलपासून बीएस-६ मानके लागू झाली. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांच्या सायलेन्सरमार्गात ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या अलीकडे अशी गळती असली की सेन्सरला वाटते, पेट्रोल कमी पडते आहे. आणि गाडीचा संगणक उगाच जास्त पेट्रोल ओततो. म्हणजे तीस रुपयांची कडी वाचवणारा माणूस रोज टाकीतून तिचे हप्ते भरत राहतो. प्रदूषण तपासणीची नळी तर सायलेन्सरच्या शेपटाशी धरतात. वाटेतच हवा मिसळली असेल तर तो आकडा खरा कसा मानावा?

आता माझा जमाखर्च सांगतो. तुटलेला स्टड काढून नवे आटे पाडायला लेथवाल्याचे सातशे रुपये. नवा स्टड आणि नट साठ. नऊ दिवस रिक्षा आणि बस मिळून सहाशे चाळीस. दोन दिवस उशीर झाला म्हणून वडिलांचे दोन अर्धे दिवस, पाचशे. आणि नवी कडी, तीस. एकूण एकोणीसशे तीस. तीस रुपये वाचवण्यासाठी एकोणीसशे तीस खर्च झाले, आणि गंमत म्हणजे त्यात ते तीस आहेतच! पहिल्या गॅरेजवाल्याला दोनदा दिलेले टॅपेटचे पैसे मी धरलेले नाहीत; ते अज्ञानाच्या खाती नावे टाकले आहेत.

आम्हांला वर्गात शिकवतात की काही खर्च भांडवली असतात आणि काही महसुली. इंजिन ही मालमत्ता, तेल हा उपभोग्य माल. परीक्षेत यावर पाच गुणांचा प्रश्न येतो आणि मी तो कधी चुकलेला नाही. पण अंगणात, गोणपाटावर, हातात ती कडी असताना ती कोणत्या बाजूला लिहायची हे मला सुचले नाही. मी तिला मालमत्ता समजलो. नफा-तोटा पत्रकात 'दुरुस्ती व देखभाल' अशी एकच ओळ असते. एकोणीसशे तीस आले की ते तिथे गुपचूप बसतात. ते का झाले हे लिहायला रकाना नसतो.

इथे एक आडवळण घेतो. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो आणि पी. यू. ला गेल्यावर 'डेप्रिसिएशन' या शब्दापुढे वर्षभर भांबावून उभा होतो. सूत्र पाठ होते, अर्थ कळत नव्हता. मग कोणीतरी 'घसारा' म्हटले आणि लख्ख उजेड पडला: घासून घासून झिजते ते. माझ्या बाकावरचा मित्र कानडी माध्यमाचा. तो म्हणाला, आमच्यात 'सवकळी', म्हणजेही झिजणेच. आपल्या दोन्ही भाषांनी हिशेबाचा शब्द वस्तूला हात लावून बनवलेला आहे. या अंकाच्या मराठी विभागात आणि कानडी विभागात दरवर्षी जे वाद चालतात ते चालोत; पण मेस्त्रींच्या दुकानात पाना, पॅकिंग, बेंड, हेड या शब्दांना मातृभाषा कोणती हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

असो. माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे, कारण तो वडिलांनी पहिल्याच दिवशी घेतला. ते म्हणाले, पूर्वीचे मेस्त्री कुठे दर वेळी नवे पॅकिंग टाकीत होते? आणि हे खरे आहे. आमच्या मेस्त्रींची उमेदवारी जावा आणि येझदीवर झाली. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी एखादी होती, काहींच्या घरी अजून आहे. आपल्याच राज्यात म्हैसूरला १९६० साली 'आयडियल जावा' कंपनी निघाली, यादवगिरीच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. इंजिनाचे सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, हे तिचे वैशिष्ट्य. म्हणजे कड्याही दोन. तिथे स्टड नव्हते. पंखे असलेला एक मोठा गोल नट पाईपवरून सिलिंडरच्या तोंडावर आवळावा लागे आणि त्याला आकड्याचा खास पाना लागे. तो पाना नसला की लोक छिन्नी-हातोडी घेत आणि नटाचे पंखे तोडून ठेवीत. तशी तुटक्या पंखांची एक-दोन मंडळी अजून मेस्त्रींच्या खिळ्याला लटकलेली आहेत.

त्या काळात निव्वळ तांब्याची कडीही वापरीत, असे मेस्त्री सांगतात. ती ते पुन्हा वापरीत हे खरे, पण कशी? ती भट्टीत किंवा स्टोव्हच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवायची आणि मग पाण्यात टाकायची. तांब्याचा गुण असा की, दबून कडक झालेले तांबे लाल तापवले की पुन्हा मऊ पडते. म्हणजे ती कडी नुसती परत बसवलेली नव्हती, तिला पुन्हा नवी केलेली होती. हे मेस्त्रींनी मला करून दाखवले: कडक तार बोटांनी वाकेना, तापवून काढली तर सुतळीसारखी वाकली. मी वडिलांना घेऊन गेलो आणि त्यांच्यासमोर पुन्हा करायला लावले. वडिलांनी ती तार खिशात टाकली. (ती आता कुठे आहे हे सांगायला नको.)

माझे सगळे म्हणणे या तारेत आहे. मेस्त्री करीत होते ती काटकसर होती, कारण कोणती वस्तू कशाने पुन्हा मऊ होते हे त्यांना ठाऊक होते. मी केली ती चिकूगिरी होती. पत्र्याच्या वेढ्यातले भरण लाल तापवून मऊ होत नाही. पॉलिश पेपर मारून तर नाहीच नाही. दोन्ही कृतींत पैसा सारखाच वाचलेला दिसतो, पण माझ्या कृतीत तो वाचलेला नसतो, दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर उधार लिहिलेला असतो. माझ्या बाबतीत तो वडिलांच्या नावावर निघाला. नेहमीच तो घरातच निघतो असे नाही.

हे मला मेस्त्रींच्या हाताखालच्या मुलामुळे समजले. तो माझ्याच वयाचा. एके दिवशी तो एका फार जुन्या गाडीचे पॅकिंग खरवडत होता; करडी भुकटी पडत होती आणि तो तोंडाने फुंकर मारून ती उडवीत होता. मीही माझ्या कडीवर तशीच फुंकर मारली होती. मेस्त्री ओरडले, पाणी मार आधी! जुन्या पॅकिंगांत, जुन्या ब्रेक-लायनरांत उष्णता सोसण्यासाठी ॲस्बेस्टॉस भरलेले असे. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासातून फुप्फुसात जातात आणि तिथेच राहतात. त्यांचा परिणाम दिसायला वीस-तीस वर्षे लागू शकतात, आणि त्या परिणामांत कर्करोगही आहे. आपल्या देशात ॲस्बेस्टॉसचा वापर अजून पूर्ण बंद झालेला नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर, ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांची आरोग्य-नोंद चाळीस वर्षे जपून ठेवावी असा आदेश दिला. चाळीस वर्षे! आणि या मुलाची नोंद कुठल्या वहीत आहे? त्याला हजेरीपटही नाही. आता चांगल्या कंपन्यांच्या कड्यांत ग्रॅफाइट किंवा दुसरे भरण असते. पण स्वस्तातली सुटी, बिनशिक्क्याची कडी कशाची आहे हे दुकानदारही सांगत नाही. गिऱ्हाईक 'दहा रुपयांतले द्या' म्हणते, आणि त्या स्वस्ताईची भुकटी खरवडायला हा मुलगा बसतो. जुने पॅकिंग ओले करून खरवडावे, फुंकर मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे, यात खर्च शून्य आहे. पण हे त्याला मेस्त्रींनी सांगितले म्हणून कळले; किती गॅरेजांत असे मेस्त्री असतील?

आता आपल्या कॉलेजातल्या काही मित्रांविषयी लिहिले नाही तर ते मला भित्रा म्हणतील. आम्ही गळती बुजवण्यासाठी नऊ दिवस खर्ची घातले. हे मित्र पैसे देऊन ती विकत घेतात. सायलेन्सर कापून, आतला भाग काढून, उणकलच्या तळ्यापासून विद्यानगरपर्यंत रात्री अकरा वाजता तोफा डागीत जातात. मोटार वाहन नियमांतला एकशे विसावा नियम म्हणतो की प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीपासून आवाजाची आणि हवेची मानके मोडणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची भीती घालणे माझे काम नाही. मला एवढेच विचारायचे आहे की, गाडीला आवाज येणे हे ज्या घरात अडचणीचे लक्षण आहे त्या घराशेजारून तुम्ही जाता तेव्हा ते घर काय म्हणत असेल? आमच्या बोळात आईच्या स्वयंपाकघराची खिडकी गाडी उभी करण्याच्या जागेवर उघडते. गळती होती त्या तीन-चार आठवड्यांत सकाळी वडील गाडी गरम करीत आणि आई खिडकी लावून खोकत असे. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो. त्याला रंग नाही, वास नाही, म्हणून बंद जागेत तो अधिक वाईट. सायलेन्सरचे दुसरे टोक निदान खिडकीपासून दूर होते. गळती मात्र खिडकीखालीच होती.

काम कसे करावे हेही थोडक्यात सांगून टाकतो, नाहीतर हा लेख नुसती टीका होईल. गळतीची शंका असेल तर थंड इंजिन सुरू करावे आणि कोणाला तरी जाड ओले फडके सायलेन्सरच्या मागच्या तोंडाशी क्षणभर धरायला सांगावे. पुढच्या सांध्यातून फुस्स ऐकू आले की शंका फिटली. नटांवर आदल्या रात्री गंज सुटण्याचे तेल सोडून ठेवावे. इंजिन पूर्ण थंड असताना दोन्ही नट आळीपाळीने ढिले करावेत. फिरत नसेल तर जोर न करता पुन्हा तेल आणि पुन्हा थांबणे. जुनी कडी काढल्यावर बॅटरी लावून आत पाहावे, आणखी एखादी बसली आहे का. (माझी आठवण काढावी.) हेड ॲल्युमिनियमचे असते, त्यावर छिन्नी चालवू नये. नवी कडी खाली पडते म्हणून तिला ग्रीसचे बोट लावून चिकटवावी. सगळे नट-बोल्ट आधी हाताने लावावेत, मागचा बोल्टही ढिलाच ठेवावा, मग पुढचे दोन नट एक इकडे एक तिकडे असे थोडे थोडे आवळावेत, म्हणजे पाईप सरळ बसतो. मागचा बोल्ट शेवटी. एकदा गाडी फिरवून आणावी, थंड होऊ द्यावी आणि नट पुन्हा पाहावेत. जिथे पाईप आणि सायलेन्सर वेगळे असतात तिथे मागे दुसरा सांधा आणि दुसरे पॅकिंग असते, ते विसरू नये. आणि सांधा उघडला की कडी नवी. ती कशी दिसते हे पाहूही नये, म्हणजे मोह होत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, हे आम्हांला उद्योजकतेच्या धड्यात एका ओळीत सांगितले जाते आणि लगेच पुढचा परिच्छेद कारखान्यांवर जातो. मला त्या एका ओळीतच जास्त रस आहे. दुकानातल्या सायकलीचा कुठला भाग झिजण्यासाठी आहे आणि कुठला जपण्यासाठी, हे ज्याला हाताला कळले त्यालाच पुढे किंमत ठरवता आली असणार. आम्ही किंमत ठरवायला शिकतो आहोत, हात न लावता. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात कारखान्याची एक भेट असते. तिथे आम्हांला पांढऱ्या रेषेच्या आतून चालवतात आणि शेवटी केळी व बिस्किटे देतात.

म्हणून मी वाणिज्य मंडळाकडे एक अर्ज दिला आहे. महिन्यातून एका शनिवारी दहा-दहा विद्यार्थ्यांनी एखाद्या गॅरेजात दोन तास बसावे, एक दुरुस्ती पाहावी आणि तिचा खरा जमाखर्च लिहून आणावा: सुट्या भागाचे किती, हाताचे किती, आणि ती वेळेवर न केल्याचे किती. मराठीत लिहावा, कानडीत लिहावा, इंग्रजीत लिहावा. त्यातले चांगले या अंकात छापावेत. मंडळाने अजून उत्तर दिलेले नाही. मेस्त्रींना मात्र मी विचारून आलो. ते हातातला पाना न ठेवता म्हणाले, शनिवारी चारनंतर या, पण "बिळी अंगी हाक्कोंड बरब्याडरी." पांढरे शर्ट घालून येऊ नका.